पेटीला हात न लावणारी गल्ली

४ जून

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

मी इथे सुखरूप आहे. पत्राला उशीर झाला, कारण पहिलं लिहिलेलं पत्र मला नीट वाटलं नाही म्हणून पुन्हा लिहिलं, आणि दुसरं लिहून झाल्यावर पत्ता बरोबर आहे की नाही याची शंका आली. पत्ता तोच, जिथे मी लहानाचा मोठा झालो, हे मला कळतं, तरी शंका आली. तुम्ही हसाल. मामींना वाचून दाखवताना एवढा भाग गाळा.

खोली मिळाली आहे. जिन्याखाली आहे, त्यामुळे कोण वर गेलं आणि कोण खाली आलं हे पावलांवरून कळतं. खिडकी आहे, पण ती शेजारच्या भिंतीकडे उघडते. घरमालकीण चांगली बाई आहे. फक्त मी कुलूप लावून थोडं पुढे जातो आणि परत येऊन ते ओढून बघतो, त्याचा तिला राग येतो. कुलूप तिचं आहे आणि तिच्या कुलपावर अविश्वास म्हणजे तिच्यावर अविश्वास, असं तिचं म्हणणं.

काम कौलपेट्यांच्या दुरुस्तीचं आहे. पूर्वी जिथे बर्फ साठवायचे त्या गोदामात आम्ही बसतो. भिंतींना अजून ओल आहे आणि विजेचं सगळं काम तिथेच चालतं, म्हणजे किती डोकं लावलंय ते बघा. आपल्या गल्लीत पेटी अजून बसली नसेल तर सांगतो. सपाट डबा असतो, भिंतीला लावायचा. रोज संध्याकाळी त्यातून धून वाजते आणि बाईचा आवाज विचारतो, युद्ध चालू ठेवावं का. हिरवं बटण म्हणजे हो, लाल म्हणजे नाही. माझ्याकडे बिघडलेल्या पेट्या येतात. काहींत झुरळं असतात, काहींत पाणी गेलेलं असतं, आणि काही चपलेने मारलेल्या असतात. त्या लगेच ओळखू येतात, कोपरा दबलेला असतो. साहेबांनी त्यांच्यापुढे कारण लिहायला सांगितलंय, घरगुती वापर.

या नोकरीमुळे मला पांढरं कार्ड मिळालं. आवश्यक सेवा, म्हणजे भरतीतून सूट. ते मी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवतो आणि वरून हात लावून बघत असतो. तुमचा बारक्या कसा आहे? तो या महिन्यात भरतीच्या वयात बसतो, याची मला इथे बसून काळजी वाटते. त्याला वाटते की नाही माहीत नाही.

मामींना नमस्कार. तुमच्या पायांची सूज उतरली का ते कळवा, आणि माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नका.

तुमचा भाचा


१० जून

चि. पंडितास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. पत्त्यात चूक नव्हती. मजकुरातही नव्हती. तुला शाळेने सोडलं तेव्हा मी तुला पाट्या रंगवायला बसवलं आणि सांगितलं, कागदावरची चूक खोडता येते, भिंतीवरची वर्षभर लोक वाचतात. त्याचं फळ म्हणजे आज तू सरकारच्या पेटीतली झुरळं शुद्ध अक्षरात नोंदवतोस. अभिमान वाटतो.

पेटी बसली. दोन माणसं आली. एकाने भिंतीला भोक पाडलं, दुसऱ्याने लोकशाहीची माहिती सांगितली. भोक वाकडं पाडलं. कुटुंबप्रमुख म्हणून माझ्या अंगठ्याचा ठसा घेतला आणि आता देश तुमच्या अंगठ्यावर चालतो असं सांगून गेली. जाताना माझी स्टुलावर ठेवलेली पेन्सिलही घेऊन गेली.

आता रोज संध्याकाळी ती बाई मला विचारते की युद्ध चालू ठेवावं का. जणू ते माझ्या परवानगीवाचून खोळंबलंय. सुरू करताना विचारलं नव्हतं. लग्न लावून दिलं, मुलं झाली, आणि मग मुलगी पसंत आहे का असं विचारायचं, त्यातला हा प्रकार. आणि युद्ध कशावरून? तर नदीपलीकडच्या टेकडीवरून. टेकडीवर काय आहे? आपली तोफ. तोफ कशाला? टेकडी राखायला. वर्तमानपत्रवाला हे इतक्या गंभीरपणे लिहितो की मला त्याच्या आईवडिलांची दया येते. आता तर विमानात माणूसही नसतो म्हणे, कुठे टाकायचं ते यंत्रच ठरवतं. पूर्वी चुकून शाळेवर पडलं तर निदान एखाद्याला रात्री झोप लागायची नाही. आता यंत्राची चौकशी लावतात, आणि यंत्र शांत झोपतं.

मी अर्धं आयुष्य एकाच भिंतीवर एकामागून एक पाच पक्षांची वचनं रंगवली. नव्या पक्षाचं लिहायचं म्हणजे आधी जुन्याचं पुसायचं, आणि पुसायचा चुना नेहमी त्याच डब्यातला. त्यामुळे कोणी मला लोकांचं राज्य म्हणून सांगायला लागलं की माझ्या हाताला चुन्याचा वास येतो.

तेव्हा मी पेटीला हात लावत नाही. मी तिच्यावर अंग पुसायचा पंचा वाळत घालतो. बाईचा आवाज पंच्यातून बरा येतो. माझं बघून इस्त्रीवाल्याने त्याच्या पेटीला हँगर अडकवले. शिकवणीच्या बाईंनी पेटीसमोर पृथ्वीचा गोल ठेवला, मुलांना दिसू नये म्हणून. आता सगळी गल्ली तशीच. हिरवं नाही, लाल नाही, काही नाही. विचारणाराच चोर असेल तर उत्तर देणं म्हणजे त्याला साव ठरवणं, हे मी सगळ्यांना समजावलं आणि सगळ्यांना पटलं. एकटा समोरचा पेन्शनर रोज अंघोळ करून, केस विंचरून पेटीसमोर उभा राहतो आणि हिरवं दाबतो. मग बाहेर येऊन आमच्याकडे असं बघतो, जणू टेकडी त्यानेच घेतली.

बारक्या मजेत आहे. अक्षर अजून डुलतं. तुझ्या जागी त्याला घेतलाय, पण तुझ्यासारखं डोकं खात नाही, त्यामुळे चुका जास्त आणि शांतता जास्त.

जेवत जा. कुलूप एकदाच ओढ.

मामा


१७ जून

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र टपालाने पाठवत नाही. आमच्या गाडीचा ड्रायव्हर तुमच्या बाजूला येतो, त्याच्या हाती देतोय. वाचून झाल्यावर काय करायचं ते तुम्हाला कळेल.

मामा, कृपा करून पेटीवरचा पंचा काढा आणि आजपासून रोज लाल बटण दाबा. का ते सांगतो. मी लिहिलेलं दोनदा तपासलं आहे.

दुरुस्त झालेली पेटी आम्ही टेबलावर चालू ठेवतो आणि मोठ्या पडद्यावर तिचा दिवा बघतो. परवा धून वाजली, मी दुसऱ्या पेटीचे स्क्रू लावत होतो म्हणून बटण दाबायचं राहिलं. थोड्या वेळाने पाहिलं तर पडद्यावर त्या पेटीपुढे हिरवा दिवा. मला वाटलं तारेत दोष आहे. उघडली, जोडण्या तपासल्या, काही नाही. पुन्हा तसंच केलं, पुन्हा हिरवा. तेव्हा साहेबांना विचारलं. साहेब नखं कापत होते. ते म्हणाले की ज्याला नको असतं तो बोलतो, जो बोलत नाही तो राजी असतो, त्यांच्या लग्नाच्या वेळीही असंच झालं होतं. मी म्हटलं, पण लोकांना हे माहीत नाही. तर म्हणाले, लपवलेलं कुठे आहे, पेटीवर छापलेलं आहे. मी पाहिलं. खरंच छापलेलं आहे, मागच्या बाजूला, जी भिंतीला टेकते तिथे. भिंतीला माहीत आहे, मामा.

एवढंच असतं तर मी तुम्हाला त्रास दिला नसता. काल आम्हाला उभं करून सांगितलं की पुढच्या महिन्यापासून भरती गल्लीवार होणार. ज्या गल्लीची संमती सगळ्यात जास्त, तिथली मुलं आधी. लोकांना युद्ध हवं आहे तर त्यांना रांगेत मागे ठेवणं लोकशाहीला शोभत नाही, असं वरच्यांचं म्हणणं.

तुमच्या गल्लीत कोणी बटणाला हात लावत नाही. पेन्शनर हिरवं दाबतात आणि बाकीचे गप्प. म्हणजे पडद्यावर तुमची गल्ली पूर्ण हिरवी आहे. मी स्वतः पाहिली. एवढी हिरवी गल्ली या भागात दुसरी नाही.

लाल बटण लगेच लागत नाही. दाबून धरावं लागतं आणि मग ती कारण विचारते. चिडू नका, धरून ठेवा. बारक्याला यातलं सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

मामींना नमस्कार. माझ्यावर रागावलात तरी चालेल, पण एवढं करा.

तुमचा भाचा


२१ जून

चि. पंडितास,
आशीर्वाद.

तुझा ड्रायव्हर पत्र देऊन गेला. चेहऱ्यावरून माणूस बरा वाटला, पण अलीकडे मी चेहऱ्यांवर जात नाही.

पत्र वाचलं. छान लिहिलंय. इतकं छान, की ते तुझ्या साहेबाने सांगून लिहून घेतलं असेल तर मला नवल वाटणार नाही. गल्लीत कोणी बटण दाबत नाही ही गोष्ट सरकारला झोंबत असणार. मग काय करायचं? एखादा घरचाच माणूस पकडायचा, त्याला भीती घालायची आणि त्याच्याकडून सांगायचं, मामा, बटण दाबा. हिरवं दाबा म्हटलं तर म्हातारा ऐकणार नाही, तेव्हा लाल दाबा म्हणायचं. दाबलं की झालं. रंगाशी त्यांना काय करायचंय? त्यांना माझा अंगठा हवाय. उद्या वर्तमानपत्रात येईल, या गल्लीचा कौलपेटीवर पूर्ण विश्वास.

मी तुला खोटारडा म्हणत नाही. तू खोटं बोलू शकत नाहीस, बोललास तर तुला ताप येतो. पण तुला सांगितलेलं तू खरं मानतोस, आणि पांढरं कार्ड खिशात असलं की माणसाला पुष्कळ गोष्टी खऱ्या वाटतात. सरकारचा माणूस झालास, चांगलं झालं, कोणीतरी व्हायलाच हवं. फक्त सरकारचं काम घेऊन माझ्या उंबऱ्यात येऊ नकोस.

पेटी उघडून मागचं छापलेलं बघा म्हणशील. उघडली की सील तुटतं आणि सील तुटलं की पोलीस. सोय चांगली केली आहे.

पंचा जागेवर आहे आणि राहील.

मामा


३० जून

चि. पंडितास मामीचे आशीर्वाद.

हात धुऊन बसले आहे, घाईत लिहिते. तुझ्या मामांना सांगितलेलं नाही. ते आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेत आणि आपण झोपलोय असं मला वाटावं म्हणून घोरतायत. घोरणं खोटं आहे. खरं घोरणं मला ऐकू येत नाही, इतकी सवय झाली आहे.

काल वॉर्डातून शिपाई आला. बरोबर एक लाकडी पाटी आणि सोनेरी रंगाचा डबा. पाटी रंगवून गल्लीच्या तोंडाशी लावायची म्हणे, आणि काम तुझ्या मामांनाच. मजकूर काय, तर संपूर्ण संमतीची गल्ली, पहिला मान. मामा आधी हसले. शिपायाला म्हणाले की पत्ता चुकला असेल, इथे पेटीला कोणी हात लावत नाही. शिपाई म्हणाला, म्हणून तर. हात लावला असता तर मान गेला असता. मग मामा हसायचे थांबले. शिपायाने पाणी मागितलं, ते मीच दिलं, यांना सुचलं नाही.

पाटीवर रिकाम्या ओळी आहेत, पहिल्या तुकडीत जाणाऱ्या मुलांची नावं मागून कळवणार आहेत. बारक्याने ती पाटी उचलून कोपऱ्यात ठेवली आणि बाबांना म्हणाला की माझं नाव मीच रंगवतो, तेवढीच सरावाला ओळ होईल. विनोद केला पोराने.

संध्याकाळी मी पंचा काढला आणि लाल बटण दाबलं. पेटी म्हणाली, हा अंगठा कुटुंबप्रमुखाचा नाही. इतकी वर्षं घर मी चालवतेय हे तिला कोणी सांगितलेलं दिसत नाही. तेव्हा मामांनीच दाबायला हवं, आणि त्यांना तसं सांगण्याइतकी माझी हिंमत आहे, पण त्यांनी ते स्वतःहून करावं म्हणून आजचा दिवस गप्प बसले. उद्या बसणार नाही.

तू खरं लिहिलं होतंस. त्यांना ते कळलंय, म्हणून तर घोरतायत. तू मनाला लावून घेऊ नकोस, नीट जेव.

मामी


६ जुलै

चि. पंडितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते मूर्ख माणसाने लिहिलं होतं. तो अजून याच घरात राहतो, पण त्याला आता कोणी विचारत नाही.

पाटीचं मामीने तुला कळवलंच असेल. ती आली त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी दारोदार फिरलो. ज्या घरी जाऊन पेटीला हात लावू नका सांगितलं, त्याच घरी जाऊन हात लावा सांगायचं. इस्त्रीवाल्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की मामा, पुढच्या आठवड्यात काय सांगणार आहात ते आताच सांगता का, म्हणजे हँगर कुठे अडकवायचे ते ठरवतो. शिकवणीच्या बाईंनी मात्र मुकाट्याने गोल उचलला. त्यांचा भाऊ वयात बसतो.

आता संध्याकाळी आमची कसरत बघण्यासारखी असते. हिरवं बटण म्हाताऱ्याने फुंकर मारली तरी लागतं. लाल दाबायला सुतारासारखा अंगठा हवा. दाबून धरायचं, मग बाई विचारते, आपली खात्री आहे का. धरून ठेवायचं. मग ती पहिल्या दिवसापासूनच्या शहिदांची आठवण करून देते, मागे हळू वाद्य वाजतं. धरून ठेवायचं. मग कारण सांगा म्हणते. मी पहिल्या दिवशी तिला टेकडी आणि तोफेचं सगळं समजावून सांगितलं, बाराखडीपासून. ती म्हणाली, कारण समजले नाही, पुन्हा विचार करा. इस्त्रीवाल्याने सांगितलं की युद्धामुळे गणवेश फार येतात आणि त्यांच्या खिशांच्या घड्या जमत नाहीत. ते तिला समजलं, नोंद झाली. आता सगळी गल्ली गणवेशाच्या घड्यांच्या कारणावरून युद्धाला विरोध करते. इतिहासात नोंद राहील.

पेन्शनरकडेही गेलो. चहा दिला. म्हणाला, मी हिरवंच दाबणार, माझा विश्वास आहे. मी विचारलं, तुमचा नातू? म्हणाला, तो शिक्षणासाठी परदेशात आहे. विश्वास ठेवायला लांबचा नातू बरा.

याचा उपयोग होईल का? मला अजूनही वाटतं की विचारणारा चोर आहे. फक्त आता कळलंय की चोराने दार वाजवल्यावर आपण तुच्छतेने गप्प बसलो, तर तो समजतो घरात कोणी नाही.

पाटी कोपऱ्यात तशीच आहे. रंग वाळत नाही असं वॉर्डात सांगितलंय.

तुझा मामा


१३ जुलै

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

हेही ड्रायव्हरच्या हाती. मला नीट झोप लागत नाही, म्हणून अक्षर वाईट आलं असेल तर माफ करा.

पेन्शनरांचं एक घर सोडून तुमची गल्ली आमच्या पडद्यावर लाल झाली. मी पाहिली तेव्हा मला आनंद झाला आणि लगेच भीती वाटली. भीती बरोबर निघाली. सकाळी साहेबांनी मला बोलावलं. त्या गल्लीतल्या पेट्या बिघडल्या आहेत, जाऊन बदलून ये, असं सांगितलं. मी विचारलं की बिघाड काय आहे. म्हणाले, लाल दाखवतात. मी विचारलं की लोकांनी लाल दाबलं असेल तर? साहेबांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. ते म्हणाले की परवापर्यंत जी गल्ली पूर्ण राजी होती ती एका आठवड्यात एक घर सोडून नाराज होणं हे माणसांकडून होत नाही, माणसं इतकी एकमताने वागत नाहीत, हा यंत्राचाच दोष. मी म्हटलं, पूर्ण राजी होती तेव्हाही एकमतच होतं. म्हणाले, तो देशाभिमान.

नव्या पेट्या बघितल्या. त्यांना लाल बटण आहे, पण त्याच्या मागे तार नाही. मी उघडून पाहिलं. नुसतं प्लास्टिक बसवलंय, शोभेला.

नियम असा आहे. मी तिथे जाऊन प्रत्येक पेटी तपासायची आणि सही करायची. बिघडली असं लिहिलं तर जुनी निघते, नवी बसते, आधीचा कौल रद्द होतो आणि गल्ली पुन्हा पहिल्या मानाला जाते. चालू आहे असं लिहिलं तर कौल धरावा लागतो, कारण तपासनिसाची सही साहेबांनाही फिरवता येत नाही. ही एकच गोष्ट त्यांनी चुकून नीट केली आहे. पण तसं लिहिणाऱ्याचं पांढरं कार्ड राहील असं मला वाटत नाही. साहेब तसं बोलले नाहीत. निघताना फक्त म्हणाले की तुझ्या वयाची पुष्कळ मुलं या नोकरीसाठी थांबली आहेत.

मामा, काय करू? मला बंदुकीचा आवाज टीव्हीवरचासुद्धा सोसत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. बारक्याची गोष्ट नसती तर विचारलंही नसतं. सोमवारी यायचं आहे. बरोबर दुसरा माणूस असेल, तेव्हा ओळख दाखवू नका.

तुमचा भाचा


१५ जुलै

चि. पंडितास,
आशीर्वाद.

पेट्या बदल. मी सांगतोय. बिघडल्या म्हणून लिही, सही कर आणि कार्ड खिशात ठेव.

माझी बहीण गेली तेव्हा तुझा हात माझ्या हातात देऊन गेली. माझ्या मुलाऐवजी तिचा पाठवला असं मला तिला कधीच सांगता येणार नाही. बारक्याचं मी बघतो. काय बघणार ते माहीत नाही, पण बाप मी आहे, ते माझं काम आहे.

मामीही हेच म्हणते. म्हणजे म्हणत नाही, ती सकाळपासून भांडी आपटतेय. पण अर्थ तोच.

कोणासाठी मोठेपणा करायचा, तर करण्यासारखं कोणी असावं. नखं कापणाऱ्या साहेबासमोर आणि प्लास्टिकच्या बटणासमोर करून उपयोग काय? मुकाट्याने ये, बदल आणि जा.

मामा


२ ऑगस्ट

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र छावणीतून लिहितोय. इथली पत्रं उघडून वाचतात, म्हणून सुट्टीवर जाणाऱ्या आचाऱ्याकडे देतोय. आचारी चांगला आहे, स्वयंपाक वाईट आहे.

त्या सोमवारी घरी आलो आणि तुम्हाला कोण तुम्ही असं विचारावं लागलं, ते मला फार जड गेलं. तुम्ही मला नाव विचारून घेतलंत आणि चष्मा लावून ओळखपत्र तपासलंत, ते जरा जास्त झालं. बरोबरच्या माणसाला मात्र खरं वाटलं. बाहेर पडल्यावर तो म्हणाला की या गल्लीतला म्हातारा फारच खडूस आहे.

तुमचं पत्र मला मिळालं होतं. मी ऐकायचं ठरवूनच आलो होतो. पण पेटी समोर आली की मी ती तपासतो, मला दुसरं काही येत नाही. तुमची उघडली. तार जागेवर, जोडणी घट्ट, दिवा चालू, बटण कामात. मग इस्त्रीवाल्याची, मग बाईंची. एकही पेटी बिघडलेली नव्हती. बिघडली असं लिहायला पेन टेकवलं आणि हात पुढे सरकेना. धैर्य वगैरे काही नव्हतं, मामा. दोनदा खिशातल्या कार्डाला हात लावून पाहिला. तरी जे नाही ते लिहिता येईना. चालू आहे, असं प्रत्येकीपुढे लिहिलं आणि सही केली. बरोबरच्याने वाचलं आणि नव्या पेट्या पुन्हा गाडीत चढवल्या.

साहेबांनी कार्ड काढून घेतलं. रागावले नाहीत. म्हणाले की लोकशाहीत प्रत्येकाला आपलं मत असतं, आणि शिपायाला माझी खुर्ची पुसायला सांगितली. घरमालकीण रडली. तिने कुलूप मला देऊ केलं, इथे सामानाच्या पेटीला लावायला. मी घेतलं नाही. इथे आम्हाला पेटी देत नाहीत.

मामींनी कळवलं की बारक्याचं बोलावणं रद्द झालं आणि शिपाई पाटी परत घेऊन गेला. ते वाचून मी खूप वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो.

पण तुम्हाला एक सांगायचं आहे. माझ्या शेजारच्या खाटेवर एक लोहार आहे, माझ्याएवढाच. बोलता बोलता कळलं की तो तुमच्या मागच्या गल्लीतला. पाटी त्यांच्या तोंडाशी लागली आहे. त्याने विचारलं की पुढच्या गल्लीतल्या मुलांना का नाही बोलावलं, ती तर आमच्या आधी होती. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मारलं नाही. म्हणाला की त्याच्या वडिलांनीही पेटीला कधी हात लावला नाही, आवाज येऊ नये म्हणून तिच्यावर घमेलं पालथं घातलं. म्हातारा कडवा आहे, सरकारचं नाव काढलं तरी थुंकतो. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, मामा. आपण आपल्या गल्लीत दारोदार फिरलो आणि कोपऱ्यावरून परत आलो.

लोहाराला लिहिता येत नाही. त्याच्या सांगण्यावरून मी त्याच्या वडिलांना पत्र लिहिलं आहे, लाल बटण कसं धरायचं आणि घड्यांचं कारण कसं सांगायचं ते. त्याचा धाकटा भाऊ अजून घरी आहे. पण म्हातारा पत्रावर विश्वास ठेवणार नाही, असं त्याला वाटतं, आणि मलाही वाटतं. म्हणून ते पत्र याच पाकिटात घातलं आहे. तुम्ही स्वतः जाऊन त्यांच्या हातात द्या आणि वाचून दाखवा. लोहाराचं दुकान विचारलं की कोणीही दाखवेल.

ते तुम्हाला सरकारचा माणूस म्हणतील. म्हणू द्या, आणि उठून येऊ नका.

मामींना नमस्कार, बारक्याला आशीर्वाद. पायांची सूज असली तर रिक्षाने जा, पण उद्याच जा. आहे तसाच जीव लावत राहा, एवढंच मागणं.

तुमचा भाचा